ओले सरपण आणि खारे पाणी

बुलढाणा जिल्ह्यात खारे पाणी एकाच जागी आहे, लोणारला, आणि त्यात गलबत हाकारायचे कोणाच्या मनात येत नाही. खरा समुद्र इथून साडेतीनशे-चारशे किलोमीटर दूर. मलकापूरला रात्री गाडीत बसावे आणि सकाळी मुंबईत उतरावे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. तरी सागरसफरीविषयी ठाम मतांचा आमच्याकडे तुटवडा नाही. भारतीय नौदलातून बाहेर पडलेल्या एका अधिकाऱ्याने पत्नी आणि लहान मुलीसह शिडाच्या बोटीवरच संसार थाटल्याच्या बातम्या मध्यंतरी आल्या. टपरीवर निकाल लागायला चहाचा अर्धा कपही संपावा लागला नाही : "लेकराईले घेऊन समुद्रात कायले मरायले जाते कोणी?" पुण्या-मुंबईत हेच मत जरा इस्त्री करून मांडतात. पालकांच्या हौसेची किंमत मुलांनी का मोजावी, असा तिथला थाट. अमेरिकेत आणि युरोपातही सूर वेगळा नाही. म्हणजे हे मत वऱ्हाडी अडाणीपणातून आलेले नाही. ते जगभर प्रतिष्ठित आहे, म्हणूनच खोडून पाहण्याजोगे आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. समुद्रात वैद्य नाही. तान्ह्याला काय होते आहे ते सांगता येत नाही, आणि जवळचे रुग्णालय हजार मैलांवर. वादळ पालकांची तयारी पाहून येत नाही. मूल संमती देऊ शकत नाही, मग पालकांनी त्याच्या वतीने एवढा मोठा डाव का लावावा? संकट ओढवले तर सोडवायला जाणाऱ्यांचे प्राणही पणाला लागतात आणि खर्च जनतेच्या माथी पडतो. शाळा बुडते, सवंगडी नाहीत. आणि सगळ्यांत टोचणारा मुद्दा असा, की हे सारे पोटासाठी चाललेले नाही, हौसेसाठी चालले आहे.

यातले काही मुद्दे मला मान्य आहेत, आणि कोणते ते पुढे येईलच. पण या मताचा कणा एका अनुमानात आहे : जिथे दूरची सागरसफर, तिथे मुलांच्या जिवाला विशेष धोका; कारण समुद्र. न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, अशा अनुमानांसाठी एक चाचणी शेकडो वर्षांपूर्वी घालून दिली आहे. धूर दिसला की अग्नी आहे, हे म्हणणे बरोबर. पण उलटे, म्हणजे अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर होतो तो ओल्या सरपणामुळे. हे ओले सरपण म्हणजे 'उपाधी'. हेतूच्या आड लपलेले, पण खरे काम करणारे कारण. जो उपाधी पाहत नाही तो चुलीला दोष देतो आणि सरपण ओलेच ठेवतो. समुद्रावरच्या मुलांच्या बाबतीत हे ओले सरपण कोणते, ते शोधायचे तर अंदाज बांधायची गरज नाही. लाखो मुलांनी शिडाच्या जहाजांतून महासागर ओलांडल्याची नोंद एकोणिसाव्या शतकाने मागे ठेवली आहे.

१८५२ साली 'टायकोंडेरोगा' नावाचे जहाज लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियाला निघाले. जहाज मोठे आणि वेगवान. प्रवासी सुमारे आठशे, त्यांत बरीचशी लेकुरवाळी कुटुंबे. तीन महिन्यांत ते मेलबर्नच्या खाडीत पोचले तेव्हा शिडे, डोलकाठ्या, सांगाडा सगळे धड होते. धड नव्हती ती आतली माणसे. वाटेत शंभराच्या आसपास दगावली होती आणि किनाऱ्यावर अलग ठेवल्यानंतरही मरण थांबले नाही. कोणत्याही वादळाने हे केलेले नव्हते. दोन मजल्यांवर दाटीवाटीने माणसे कोंबली होती, खालच्या मजल्यावर वारा फिरत नव्हता, त्यात टायफस पसरला. पुढच्या काळात सरकारी जहाजांवर प्रवाशांची दाटी कमी झाली, जहाजावरच्या डॉक्टरला खरे अधिकार मिळाले, स्वच्छतेची शिस्त आली, आणि त्याच समुद्रावर, त्याच लांबीच्या प्रवासात बालमृत्यू झपाट्याने उतरले. समुद्र होता तसाच होता. सरपण तेवढे सुके झाले.

आपल्या लोकांचा अनुभव याहून वेगळा नाही. १८३४ पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. शिडाच्या जहाजाला तिथवर पोचायला महिनाभर किंवा त्याहून जास्त लागे. बायाबापड्या कडेवर पोरे घेऊन जहाजावर चढल्या आणि पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून बाहेर पडल्या. जहाजावर जागा मोजताना लहान मूल अर्धा माणूस धरत, यावरूनच दाटीची कल्पना यावी. या जहाजांवर मृत्यूचे थैमान झाले तेव्हाची कारणे नोंदलेली आहेत : पटकी, गोवर, हगवण. १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून वेस्ट इंडीजकडे गेलेल्या जहाजांवर मृत्यूचे प्रमाण शेकडा सतराच्या घरात गेले. १८५६ मध्येच मॉरिशसजवळच्या निर्जन बेटांवर पटकीच्या संशयाने उतरवून ठेवलेल्या मजुरांपैकी शेकडो मेले. ते तर जमिनीवर मेले, हे लक्षात घ्यावे. त्यांच्या पायांखाली खडक होता. नव्हते ते पिण्याचे पुरेसे पाणी, निवारा आणि अन्न.

ज्याला हे दूरचे वाटेल त्याने वारी आठवावी. शेगावहून गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालत पंढरपूरला जाते. या वाटा आज शिस्तीच्या आहेत, पण आषाढीच्या गर्दीतून पटकी गावोगाव परत यायची तो काळ जुन्या माणसांनी पाहिला आहे. लस टोचून घेतल्याचा कागद दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत, तो त्याच भीतीपोटी. पंढरपुरात समुद्र नाही, चंद्रभागा आहे. जहाजावर आणि वाळवंटात मारेकरी एकच होता : गर्दी आणि घाण पाणी. म्हणून वारी कायमची बंद झाली नाही. विहिरींत औषध टाकले, नळ आणले, लस आणली. सागरसफरीच्या बाबतीत मात्र उपाधी दूर करण्याऐवजी चूलच विझवा असे म्हणतात, कारण ती चूल आपल्या घरची नाही.

आता या निकषावर आजची सहल-बोट तपासू. चाळीसएक फुटांची बोट, त्यावर चारजण. गर्दी नाही. निघाल्यावर आठवड्याभरात बाहेरच्या माणसाचा संसर्ग संपतो. बालवाडीत दर पंधरवड्याला सर्दी घेऊन येणारे पोर महासागराच्या मध्यावर बहुधा ठणठणीत असते. पाणी टाकीतले किंवा खारे पाणी गाळून गोडे करणाऱ्या यंत्रातले. शीतपट्टीच्या वादळी समुद्रात ही कुटुंबे जात नाहीत. ती व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातून, पाठीवर वारा घेऊन जातात. कॅनरी बेटांवरून कॅरिबियनपर्यंत सुमारे सत्तावीसशे सागरी मैल, दिवसाला सव्वाशे-दीडशे मैलांप्रमाणे अडीच-तीन आठवडे. चक्रीवादळांचा हंगाम ठरलेला असतो, उत्तर अटलांटिकमध्ये जून ते नोव्हेंबर, म्हणून नोव्हेंबर सरता सरता शिडे उभारायची. १९८६ पासून दरवर्षी याच वाटेने शंभरावर बोटींचा तांडा एकत्र निघतो आणि त्यात मुलाबाळांची कुटुंबे असतात. कठड्याला सगळीकडून जाळी बांधलेली. मुलाच्या अंगावर पट्ट्यांचा साज, त्याचा दोर डेकवर ताणलेल्या पट्टीला अडकवलेला. रात्री आई-बापांपैकी एकजण आळीपाळीने जागा. झोपायच्या फळीला कापडाचा आडोसा, पोर लोळून पडू नये म्हणून. पहिले दोन-तीन दिवस उलट्या, मग शरीर सरावते. जाणते दर्यावर्दी सांगतात की मुलांना खरी भीती बंदरात. तिथे साज काढलेला असतो, धक्का निसरडा असतो, छोट्या होडीचा पंखा फिरत असतो आणि आई-बापांची नजर बाजारहाटात गुंतलेली असते.

जुन्या काळीही असे सुटे कुटुंब समुद्रावर होतेच. आमच्या खामगावचा कापूस जेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात जाई (जलंब-खामगाव फाटा १८७० चा, सुएझ कालवा त्याच्या आदल्या वर्षीचा), त्या काळच्या शिडाच्या मालजहाजांवर कप्तानाने बायकामुलांना सोबत ठेवणे ही नवलाई नव्हती. जोशुआ स्लोकम हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याची पहिली पत्नी व्हर्जिनिया हिला सात मुले झाली, सगळी समुद्रावर किंवा परक्या बंदरांत. त्यांतली तीन तान्हेपणीच गेली. हे मी लपवत नाही. पण १८७०-८० च्या दशकांत जमिनीवरच्या किती घरांत सातांपैकी सातही वाढत, हा हिशेबही त्याच पानावर मांडावा लागेल. पुढे १८८७ मध्ये त्याच्या जहाजावर खलाशांमुळे देवीची साथ आली, काही खलाशी मेले, आणि नंतर ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर रुतून गेले. परत जायला भाडे नाही. तेव्हा स्लोकमने तिथेच पस्तीस फुटांची बोट बांधली, १३ मे १८८८ ला पाण्यात लोटली आणि दुसरी पत्नी हेटी, थोरला मुलगा व सात वर्षांचा गारफिल्ड यांना घेऊन सुमारे साडेपाच हजार मैल कापत अमेरिकेला पोचला. मोठ्या जहाजावर देवी, छोट्या बोटीवर सुखरूप. एका उदाहरणाने व्याप्ती, म्हणजे सार्वत्रिक नियम, सिद्ध होत नाही हे खरे, पण उपाधी कुठे बसली आहे ते या उदाहरणात उघड दिसते. हेटीबाई मात्र यानंतर त्याच्याबरोबर निघाल्या नाहीत. १८९५ साली तो जगप्रदक्षिणेला गेला तो एकटाच. त्यांचेही मत या वादात नोंदवलेले असावे.

विरोधकांचा सर्वांत तगडा दाखला २०१४ चा आहे. 'रिबेल हार्ट' नावाच्या बोटीतून एक अमेरिकन कुटुंब मेक्सिकोहून पॅसिफिक ओलांडायला निघाले. मुली दोन, एक तीन वर्षांची आणि दुसरी जेमतेम एक वर्षाची. किनाऱ्यापासून सुमारे नऊशे सागरी मैलांवर धाकटीला ताप भरला, अंगावर पुरळ उठले, औषधांनी उतार पडेना. विमानातून चार जवान छत्रीने समुद्रात उतरले, मग अमेरिकी नौदलाची 'व्हँडेग्रिफ्ट' ही युद्धनौका आली, आणि सगळ्यांना उचलल्यावर बोट तिथेच बुडवण्यात आली. मूल वाचले. आई-बापांवर मात्र एवढा गहजब झाला की जणू त्यांनी ते मुद्दाम पाण्यात टाकले होते.

या घटनेतून काय सिद्ध होते? वादळ आले नव्हते, कोणी पाण्यात पडले नव्हते. ते बाळ निघण्याआधीच्या दिवसांत आजारी होते, बरे झाले असे समजून निघाले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. म्हणजे पुन्हा रोग, आणि तोही जमिनीवरून आलेला. पण इथे पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. रोग जमिनीचा असला तरी वैद्याचे अंतर समुद्राचे होते. मेक्सिकोहून दक्षिण पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांकडे जाणारी वाट ही अशा सफरींतल्या सर्वांत लांब, सर्वांत एकाकी वाटांपैकी एक. महिनाभर वाटेत ना बेट ना बंदर. वर्षाच्या पोराला दुखते कुठे ते सांगता येत नाही, त्याच्या अंगातले पाणी काही तासांत कमी होते. हा मुद्दा खंडनात टिकतो आणि मी तो टिकू देतो. मात्र तो 'समुद्र' आणि 'मुले' या दोन शब्दांविरुद्धचा नाही. त्याच्या कक्षेत येते ती विशिष्ट वयाची, विशिष्ट टप्प्यावरची जोखीम. सहा वर्षांच्या निरोगी पोराला तीन आठवड्यांच्या वाटेवर नेणाऱ्याला तो लावणे ही अतिव्याप्ती.

खर्चाचा मुद्दा चटकन निकालात निघतो. समुद्रावर संकटात सापडलेल्याला सोडवणे हा दर्यावर्दींचा जुना धर्म आणि आता आंतरराष्ट्रीय कराराचा भाग आहे. २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात एकट्याने शिडाची बोट हाकणारे आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी पाठीला जबर मार लागून पडले होते, त्यांना फ्रान्सच्या 'ओसिरिस' या मच्छीमारी गस्तीच्या जहाजाने उचलले. आपण त्या देशाचे आभार मानले, उपदेश ऐकून घेतला नाही. २००६ साली हरियाणात उघड्या कूपनलिकेत पडलेल्या मुलाला लष्कराने बाहेर काढले तेव्हा सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसला होता. त्या सुटकेचे बिल कोणी मागितले नाही, आणि मागायला नकोच होते.

आता हौसेचा मुद्दा. यात तर्क कमी आणि सल जास्त आहे. धोका गरजेतून आला तर आपण डोळे पुसतो, निवडीतून आला तर डोळे वटारतो. आमच्याच जिल्ह्यातून आणि शेजारच्या मराठवाड्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. ट्रकच्या टपावर भांडीकुंडी, त्यांवर पोरे. फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत तान्ही झोपतात. आई कोयता चालवते. शासनाला या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढावी लागली यातच सगळे आले. त्या आई-बापांना कोणी बेजबाबदार म्हणत नाही, म्हणूही नये. दुसऱ्याच्या हालांकडे बोट दाखवून बोटवाल्यांची बाजू सिद्ध होत नाही हेही मला कळते. माझा मुद्दा एवढाच, की मुलाच्या शरीराला आई-बापांचा हेतू कळत नाही. कोपीतल्या पोराला साप चावला तर तो गरज पाहून चावत नाही. धोका मोजायचा असेल तर धोका मोजा. हेतूची शिक्षा धोक्याच्या हिशेबात घुसडू नका.

आणि गरज व हौस यांची सीमा तरी कोणी आखायची? एप्रिल १८८३ मध्ये पंडिता रमाबाई मुंबईहून वाफेच्या बोटीने इंग्लंडला निघाल्या. पतीला जाऊन वर्ष उलटलेले, आणि सोबत जेमतेम दोन वर्षांची मनोरमा. विधवेने शिकायला म्हणून, तेही लेकराला घेऊन, सातासमुद्रापार जावे, यात तेव्हाच्या पुण्याला गरज दिसली असेल असे वाटत नाही. १८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या तेव्हाही मनोरमा बरोबर होती, पाच वर्षांचीही नव्हती. आज आपण हे सारे कौतुकाने सांगतो. तो समारंभ पाहायला जाणे ही गरज होती की हौस? मला तरी ती उत्तम प्रतीची हौस वाटते, आणि तिच्याविषयी काही आक्षेप नाही.

रमाबाईंचे स्वतःचे बालपण तर याहून बोलके. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जन्म. सहा महिन्यांच्या असताना वेताच्या पेटाऱ्यात घालून, कोणाच्या तरी डोक्यावरून, त्यांचा प्रवास सुरू झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थे हिंडत. कुटुंब पायी मागे. आई लक्ष्मीबाईंनी वाटेवरच संस्कृत शिकवले, भागवत मुखोद्गत करून घेतले. शाळा नावाची वास्तू नव्हतीच. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या त्या या फिरत्या शाळेला. पण हीच भटकंती १८७० च्या दशकातल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात सापडली आणि आई-वडील उपासमारीने गेले. जी वाट शिकवत होती तीच वाट मारत होती का? नाही. मारले दुष्काळाने आणि कनवटीला पैसा नसण्याने. उपाधी इथेही वेगळी काढावी लागते, आणि काढल्यावर वाटेवरचा आरोप टिकत नाही.

'आपल्या संस्कृतीत समुद्र नाही' हे पालुपद मी थोडक्यात संपवतो, कारण त्याला तेवढेच वजन आहे. बौधायनाने समुद्रगमन पतनाच्या कारणांत घातले, आणि तो उत्तरेकडच्यांचा आचार म्हणूनही सांगितला. म्हणजे लोक जात होते. मनुस्मृती श्राद्धाला बोलावू नये अशा ब्राह्मणांत समुद्रावर जाणारा धरते, आणि दुसरीकडे सागरी व्यापारातल्या जाणकारांनी कर्जाचा दर ठरवावा असेही सांगते. कलिवर्ज्याचे, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींच्या यादीचे, प्रकरण द्विजांपुरते. कोळी, भंडारी, खारवी, दालदी यांना ते कोणी विचारले नाही आणि त्यांनीही कोणाला विचारले नाही. कोकणातली पोरे मिसरूड फुटायच्या आत मचव्यावर भात शिजवायला चढत आणि पुढे तांडेल होत. ज्यांची संस्कृती मोजायची त्यांच्यात हे लोक धरायचे नसतील तर गोष्ट वेगळी.

संमतीचा मुद्दा ऐकायला भारदस्त आहे. पण मूल कशाला संमती देते? पंधराव्या वर्षी लातूरला किंवा कोट्याला चार बाय सहाच्या खोलीत ठेवायला? तिथल्या वसतिगृहांत मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पुढच्या वर्षीचा हप्ता भरतो. मुलाच्या वतीने निर्णय घेणे हे पालकपणाचे कामच आहे. प्रश्न निर्णय घेतला का हा नसतो, तो कसा घेतला हा असतो. नेदरलँड्समधल्या लॉरा डेकरचा खटला यासाठी पाहावा. ती १९९५ मध्ये आई-वडील जगप्रवासात असताना न्यूझीलंडला जन्मली आणि पहिली काही वर्षे बोटीवरच वाढली. २००९ मध्ये, तेराव्या वर्षी, एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करते म्हणाली तेव्हा न्यायालयाने तिला बालकल्याण यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवले. ती देखरेख पुढच्या वर्षी उठली. मधल्या काळात बोट मोठी आणि मजबूत झाली होती, प्रथमोपचाराचे शिक्षण झाले होते, तुटक झोपेचा सराव झाला होता, अभ्यासाची सोय लागली होती. जानेवारी २०१२ मध्ये तिने फेरी पुरी केली, वय सोळा. एकटी किशोरी आणि कुटुंबातले चिमुरडे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, म्हणून हा दाखला मी यशापयशासाठी देत नाही. त्या न्यायालयापुढे शेवटी समुद्र हा प्रश्न राहिला नाही, तयारी हा राहिला. शाळेविषयीही तेच. अमेरिकेतली काल्व्हर्ट शाळा १९०६ पासून टपालाने धडे पाठवू लागली, बोटींवरच्या कितीतरी पिढ्या त्यांवर शिकल्या. सवंगड्यांची उणीव मात्र खरी आहे आणि तिच्यावर टपालाने काही मिळत नाही.

बुडण्याचे काय, असे कोणी विचारेल. जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात, त्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मुले महासागरात बुडत नाहीत. ती विहिरीत, डबक्यात, खाणीच्या खड्ड्यात, घरामागच्या नाल्यात बुडतात. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत शेततळी झाली. पाण्यासाठी ती हवीच होती. पण प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही, आणि पोर वाचवायला उतरलेला बापही तिथेच राहतो. अशी बातमी दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येते. कुंपण, काठाला बांधलेला गाठींचा दोर, पाण्यात सोडलेली टायरची साखळी, एवढ्याने भागते. बोटीवरच्या आईने कठड्याला जाळी बांधलेली असते. आपण तळ्याला दोर बांधलेला नसतो, आणि बेजबाबदार ती.

बोटवाल्यांच्या भाटांनाही दोन शब्द. समुद्रावर वाढलेली मुले शहाणी, धीट, स्वावलंबी होतात, ही दुसरी टोकाची पोथी. तिचे पुरावे तेवढेच कच्चे आहेत. परतून पुस्तक लिहिणाऱ्या कुटुंबाची मुले आपल्याला दिसतात. कंटाळून, भांडून, अर्ध्या वाटेत बोट विकून आलेल्यांची दिसत नाहीत. १९७२ मध्ये रॉबर्टसन कुटुंबाची बोट गॅलापागोसच्या पश्चिमेला देवमाशांच्या धडकेने मिनिटांत बुडाली. धाकट्या जुळ्या मुलांसह सहाजण अडतीस दिवस तराफ्यावर आणि चिमुकल्या होडीत तगले, कासवे खाऊन, पावसाचे पाणी साठवून. आई परिचारिका होती म्हणून पिण्याजोगे नसलेले पाणीही शरीरात कसे पोचवायचे ते तिला ठाऊक होते. ही कथा ऐकून एकजण म्हणतो, पाहा किती धोका. दुसरा म्हणतो, पाहा किती धैर्य. दोघेही एका दृष्टान्तावर डोलारा उभा करतात. मला त्यात दिसते ते एवढेच, की परिचारिका बोटीवर होती.

तेव्हा माझा पक्ष असा. ज्यांचे मूल स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही, त्यांनी महिनाभर वैद्यापासून तोडणाऱ्या टप्प्यावर जाऊ नये. मार्केसासची वाट तर मुळीच नाही, मग बोट कितीही उत्तम असो. निघण्याआधीच्या महिन्यात मूल आजारी पडले असेल तर हंगाम चुकला तरी चालेल, थांबावे. लसी पुऱ्या झालेल्या, बोलत्या, साज घालून घ्यायला कुरकुर न करणाऱ्या सहा-सात वर्षांच्या पोराला, दोघेही बोट हाकू शकणाऱ्या आई-बापांनी, डिसेंबरात कॅनरीहून पश्चिमेला नेले तर माझी हरकत नाही. दोघांपैकी एकालाच बोट हाकता येत असेल, तर आहे.